गोड लागणारी गोळी

मढव्यांच्या घरात शुक्रवारची दुपार म्हणजे झोपेची हक्काची दुपार. शेजारच्या शेडमधले कापडाचे लूम त्या दिवशी बंद असायचे, आठवडाभर कानात बसलेली खटखट थांबायची, आणि जेवून आडवा झालेला माणूस चार वाजेपर्यंत हलायचा नाही. दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी मात्र कुणी आडवं झालं नव्हतं. ओटीवर सतरंजी पसरली होती. लोडशेडिंगनं पंखा बंद पडला होता, आणि केसरीनाथ मढवी बनियनवर बसून पुठ्ठ्यानं वारा घेत काळूराम भगताची वाट बघत होते.

कमळा देवघराच्या उंबऱ्याशी बसली होती. ती तिची ठरलेली जागा. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला आणि घराचा कारभार धाकट्या दिराकडे, केसरीनाथांकडे आला. गोदामांचे करार, ट्रकवाल्यांशी भांडणं, पंचायतीतलं राजकारण, सगळं तेच बघत. पण देवघराच्या उंबऱ्यापाशी त्यांचाही आवाज खाली यायचा. कारण सव्वीस वर्षं, दर नवरात्रात अष्टमीला, कमळाच्या अंगात एकवीरा यायची. खारबावपासून पडघ्यापर्यंतची माणसं प्रश्न घेऊन तिच्यासमोर बसायची. कुणाची म्हैस दूध देत नसे, कुणाच्या पोरीचं जमत नसे, आणि अलीकडे तर कुणाच्या सातबाऱ्यावर भलत्याचंच नाव लागलेलं असे.

या वर्षी अष्टमीला देवीचं वारं आलं नाही. ढोल वाजले, धूप झाला, दीडशे माणसं हात जोडून ताटकळली, आणि कमळा पाटावर ढिम्म बसून राहिली. शेवटी तिला चक्क डुलकी लागली. ‘वयनींना ताप हाय’ असं सांगून केसरीनाथांनी वेळ मारून नेली. त्यानंतर तो विषय तिच्यासमोर कुणी काढला नव्हता. पाठीमागे काय काढत असतील ते तिला न ऐकताही कळत होतं.

“बाय, तुमी दोन घास खाऊन घ्या,” हौसा म्हणाली. हौसा केसरीनाथांची बायको. थोरल्या जावेला ती बाय म्हणायची, आणि त्या शब्दात लग्नानंतरच्या तीस वर्षांत तिनं माया आणि टोचणी दोन्ही घालून पाहिली होती. “सकालपासून उपाशी हायात. परवा निवट्यांची मासळी साफ करता करता विळीवरच झोपल्या व्हत्या. बोट गेलं असतं.”

“वय झालं आता,” कमळा म्हणाली.

“माझ्यापेक्षा चार वर्सांनी तर मोठ्या,” हौसा पुटपुटली आणि आत गेली.

काळूराम भगत साडेतीनला मोटारसायकलवरून आला. वज्रेश्वरीच्या बाजूचा, वीटभट्टीवर मुकादम असलेला, सुकलेला, शांत माणूस. त्यानं आधी कमळाच्या पाया पडून घेतलं, मग पाणी प्यायला, मग म्हणाला, “आना सूनबायला.”

कमळाच्या मुलानं, भाविकनं, बायकोला हाताला धरून बाहेर आणलं. मृणालीचं पाऊल सरळ पडत नव्हतं. गेल्या साली पाचव्या महिन्यात तिचं दुसरं मूल पोटातच गेलं आणि त्यानंतर तिला घबराट लागली. भर दिवसा ती भिंत धरून उभी राहायची, ‘मी मरतेय’ म्हणायची. भाविक तिला कल्याणच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. भिवंडीतही डॉक्टर होते, पण भिवंडीत आपण कुठला जिना चढलो हे घरी पोचायच्या आत घरी कळतं. त्या डॉक्टरनं सकाळ-संध्याकाळची एक बारीक पांढरी गोळी दिली. श्रावणापर्यंत पोर हसायला-बोलायला लागली होती. आणि आता या आठवड्यात तिचे हात कापायला लागले, झोप गेली, अंगावर मुंग्या फिरतात म्हणून ती कातडी खाजवून रक्त काढायची. मंगळवारी सकाळी अंगणात कपडे वाळत घालताना ती धाडकन पडली. डोळे फिरले, दातखिळी बसली, तोंडाला फेस आला. तिच्या चार वर्षांच्या लेकीनं, ऋतिकानं, ते सगळं पायरीवर बसून पाहिलं.

भगतानं तिला समोर बसवलं. आत हौसाच्या हातून झाकणी पडली तशी मृणाली किंचाळून उडाली. भगतानं केसरीनाथांकडे पाहिलं, केसरीनाथांनी मान डोलावली.

“झोप लागतं का?”

“नाही.”

“कोन बोलतं कानात?”

“बोलत नाही कुणी. आवाज मोठे वाटतात. लूम तर डोक्यात चालल्यासारखे.”

“तोंडाला चव?”

मृणाली थोडी थांबली. “चव आहे. फक्त गोळी गोड लागते हल्ली. आधी कडूजहर लागायची.”

साप चावलेल्या माणसाला कडुलिंबाचा पाला चावायला देतात आणि तो गोड लागला तर विष चढलं असं समजतात, हे तिथल्या पोराटोरांनाही माहीत होतं. बाहेरचं लागलेल्या माणसालाही हीच परीक्षा. भगतानं मुद्दाम काही विचारलं नव्हतं, पोरीनं आपल्या तोंडानं सांगितलं होतं.

“कडू गोड लागाया लागलं,” भगत हळूच म्हणाला. “आता मी येगळं काय सांगू?”

कमळानं पदर तोंडाशी नेला.

“काका, थांबा,” भाविक म्हणाला. तो ऑक्ट्रॉय नाक्यावर कारकून होता, साहेबांसमोरही असाच अर्धा उठून बोलायचा. “मी सकाळी डॉक्टरांना फोन केला होता. ते म्हणतात, ही भूतबाधा वगैरे काही नाही. ही गोळी महिनोन् महिने घेतली आणि मग एकदम बंद केली, तर असंच होतं. हात कापतात, झोप उडते, मुंग्या येतात, फिटसुद्धा येते. परत फिट आली तर जिवावर बेतेल, आजच्या आज घेऊन या म्हणाले.”

“एकदम बंद केली तर,” केसरीनाथ म्हणाले.

“हो.”

“तू बंद केलीस?”

“नाही.”

“कोन देतं तिला गोळी?”

“मीच देतो. माझ्या हातानं, सकाळ-संध्याकाळ. माझ्यासमोर गिळते ती.”

“येक तरी दिस चुकला?”

भाविकनं मान खाली घातली. “नाही चुकला.”

“मंग डाक्टर सांगतो त्यातलं इथं काय झालं?” केसरीनाथांच्या आवाजात राग नव्हता. करारातला मुद्दा वकिलाला दाखवावा तसे ते बोलत होते. “गोळी पोटात जातं, येक दिस चुकत न्हाय, तरी पोर पडतं. म्हंजे ही गोळीची बिमारी न्हाय. तुझ्या डाक्टरनंच सांगितलं की रे हे.”

याचं उत्तर ज्या एका माणसाकडे होतं ते देवघराच्या उंबऱ्याशी बसलं होतं.

नवरा गेला त्या पावसाळ्यापासून कमळाच्या छातीत धडधड व्हायची. भाकरी थापताना, भरल्या घरात, एकाएकी वाटायचं की आता आपण संपलो. हात गार पडायचे, श्वास पुरायचा नाही. पण हे सांगायचं कुणाला? गावाची भीती काढणारी बाई ती. तीच घाबरते म्हटल्यावर लोक कुणाच्या पाया पडणार? दीड-दोन वर्षं तिनं ते दाबून धरलं. मग सून त्या गोळीनं सुधारताना दिसली. भाविकनं गोळ्या पाकिटातून काढून कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या काळ्या डबीत ठेवल्या होत्या, घरात कुणी नाव वाचून ‘डोक्याचं औषध’ म्हणू नये म्हणून. भाद्रपदातल्या एका दुपारी कमळानं त्यातली एक गिळली. अर्ध्या तासात छातीवरचा दगड कुणी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं आणखी एक घेतली. डबी रिकामी दिसू नये म्हणून केसरीनाथांच्या चहातल्या गोळ्या तीत टाकल्या. केसरीनाथांना मधुमेह होता, साखरेऐवजी ते त्या बारीक पांढऱ्या गोळ्या चहात टाकायचे. दिसायला थेट तशाच. आधी चारात एक बदलली, मग दोनात एक. अष्टमीला वारं आलं नाही तेव्हा तिनं असा धसका घेतला की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भाविकनं महिन्याच्या नव्या गोळ्या भरल्या आणि तिनं त्या सगळ्या काढून घेऊन डबीत चहातल्याच गोळ्या टाकल्या. सून तर बरी झालीय, तिला आता कशाला औषध, असं तिनं मनाला सांगितलं. साखरेच्या गोळीनं कुणाचं वाईट होतं? आणि पोर कापायला लागली तेव्हा, हे आठवून आज तिला स्वतःची लाज वाटत होती, तेव्हा तिला वाटलं की देवी आपल्याला सोडून सुनेकडे गेली. तिला सुनेचा हेवा वाटला होता.

बंद केल्यानं असं होतं हे मात्र ती आज, आत्ता, पोराच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होती.

“अवस आठ दिसांवर हाय,” भगत सांगत होता. “तवर माझ्याकडं ठेवा. आजच आना. डाक्टरचं कायबी द्यायचं न्हाय, दोन दोन इलाज येका अंगात चालत न्हाय. मारझोड मी करत न्हाय, ते मनातून काढा.”

“आणि ऋतिका?” मृणालीनं विचारलं.

“ऋतिका हितंच ऱ्हाईल,” हौसा दारातून म्हणाली. “पोरीनं आयेला तशी पाह्यली, परत पाहायला नको. अवसेनंतर बरी झालीस तर बरंच हाय. न्हाय झालीस तर पडघ्याला बापाकडं जाऊन ऱ्हा काय दिस.”

“किती दिवस?”

हौसा आत वळली. परत बोलवायचं नाही, हे मृणालीला समजलं. तिनं भाविककडे पाहिलं, भाविकनं सतरंजीच्या दोऱ्याकडे. “माझ्या पोरीला सोडून मी कुठं जाणार नाही,” ती म्हणाली, पण दात वाजत असल्यामुळे ते धड ऐकूही आलं नाही.

“जरा दमानं,” केसरीनाथ म्हणाले. “आपन कोन ठरवनारे? वयनी हायेत. वयनी, तुमी देवीला विचारा. ती हो बोलली तर न्यायची, न्हाय बोलली तर न्हाय. तिच्या पुढं माझा शबूद न्हाय.”

हौसानं निखाऱ्यावर धूप टाकला. सगळ्यांनी हात जोडले. मृणालीनंही जोडले, कापणारे, एकावर एक नीट न बसणारे हात. तिचे डोळे सासूवर होते. या घरात आपल्या बाजूनं बोलू शकेल असं एकच माणूस तिला दिसत होतं.

धुराचा वास नाकात गेला आणि कमळाची मान सवयीनं डोलायला लागली. खांदे हलले. सव्वीस वर्षांचं वळण शरीराला होतं, ते कुठं जाणार? ओटीवर कुणीतरी ‘आई माउली’ म्हटलं. कमळा आत बघत होती, तर आत कुणी नव्हतं. नुसती कमळा होती, घाबरलेली.

किती सोपं होतं! आवाज चढवायचा आणि म्हणायचं, ‘पोरीला घरातनं हलवू नका, डाक्टरची गोळी चालू ठेवा.’ सगळे पाया पडले असते. संध्याकाळी देव्हाऱ्यामागं लपवलेल्या गोळ्या गुपचूप डबीत परत गेल्या असत्या. सून वाचली असती, देवीचं नाव झालं असतं, तिची जागा राहिली असती. शब्द तोंडापर्यंत आले.

पण त्या सव्वीस वर्षांत तिनं एकदाही खोटं वारं आणलं नव्हतं. हे फक्त तिलाच माहीत होतं. लोकांनी शंका घेतल्या, टवाळांनी नकला केल्या, हौसानं तर पहिली दहा वर्षं तोंड वाकडं केलं. तिला कधी फरक पडला नाही, कारण येत होतं ते खरं होतं. आज एक खोटं आणलं की उद्यापासून तिचं तिलाच कळणार नव्हतं, मागचं कुठलं खरं आणि कुठलं नाही.

तिनं दोन्ही हातांनी उंबरा धरला आणि मान थांबवली.

“धूप काढ, हौसा.”

“बाय?”

“काढ तो. माझ्या अंगात कोन न्हाय. मी कमळा बोलतंय.” तिनं सुनेकडे हात केला. “पोरीला कायबी लागलं न्हाय. तिच्या गोळ्या मी खाल्ल्या.”

कुणाला काही समजलं नाही. केसरीनाथ तर अजून हात जोडूनच होते. कमळा उठली, तोल जाऊन चौकटीवर आदळली, आत गेली आणि देव्हाऱ्यामागचा भंडाऱ्याचा डबा घेऊन आली. तिनं तो सतरंजीवर उलटा केला. हळदीबरोबर पिवळ्या झालेल्या तीसेक गोळ्या बाहेर आल्या.

“तिच्या डबीत हायेत त्या भावोजींच्या च्यातल्या. म्हनून गोड लागतात तिला.”

“तरीच!” हौसा ओरडली. “तरीच मी बोलतंय, मैन्याला दोन दोन डब्या कशा संपतात! आनि मी यांच्यावर डाफरत व्हते का चोरून च्या पिता म्हनून!” मग तिचं लक्ष मृणालीकडे गेलं आणि तिचा आवाज बसला. “देवा. आनि हिला पडघ्याला धाडत व्हतो.”

“कशाला पन, वयनी?” केसरीनाथांचा चेहरा उतरला होता. “तुमाला काय कमी व्हतं?”

“घाबरं व्हायचं मना. तुमचे भाऊ गेल्यापासून. रोज.”

“तुमाला?”

“मना.”

काळूराम भगतानं एक गोळी उचलून बघितली आणि परत ठेवली. “मंग हितं माझं काम न्हाय,” तो म्हणाला आणि चपला घालायला लागला. जाताना मात्र त्यानं कमळाला नमस्कार केला नाही. तिच्या ते लक्षात आलं. ती ते विसरणार नव्हती.

केसरीनाथ उभे राहिले. बोलावं की नाही अशा विचारात ते दोन वेळा दारापर्यंत गेले आणि परत आले. शेवटी त्यांना राहवलं नाही. “सव्वीस वर्सं आमी तुमच्या पाया पडलो, वयनी. माझ्या पोराचं लगीन तुमी सांगितल्यावर ठरवलं, गोदामाचा पाया तुमी बोलल्या त्या दिशी खनला. ते समदं काय व्हतं मंग?”

“ते खरं व्हतं, भावोजी,” कमळा म्हणाली. “म्हनून तर आज खोटं आनलं न्हाय.”

केसरीनाथांना ते पटलं की नाही कोण जाणे. ते गाडीची किल्ली आणायला गेले. पटलं असतं तर बोलले असते, असं कमळाला वाटलं.

भाविक तोवर फोनवर होता. डॉक्टरांनी विचारलं ते तो एकेक करून आईला विचारत होता: किती घेत होतीस, कधीपासून, आज घेतलीस का. पंचावन्न वर्षांच्या आईला असे प्रश्न विचारताना तो रडकुंडीला आला होता. आतून त्यानं पुढच्या महिन्यासाठी लपवून ठेवलेल्या पाकिटातली एक गोळी आणून मृणालीला दिली, मग फोन ठेवून म्हणाला, “आई, तू पण यायचंस. तू पण एकदम बंद करायची नाहीस म्हणाले. नाहीतर तूही पडशील.”

“मी आता कुठं—”

“यायचंस,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या घरात पूर्ण उभा राहून बोलला.

गाडीत मृणाली खिडकीशी बसली आणि भिवंडी मागे पडेपर्यंत तिनं सासूकडे पाहिलं नाही. ऋतिका तिच्या मांडीवर झोपली होती. कोनगावच्या पुलावर ट्रकांची रांग लागली, गाडी अर्धा तास जागची हलली नाही. कमळा समोरच्या सीटची पाठ धरून बसली होती. तिला माफी मागायची होती, पण आजवर लोक तिच्याकडे मागायला यायचे, तिला मागायचं कसं असतं तेच आठवेना.

कल्याणला दवाखान्यात बाकड्यांवर माणसंच माणसं होती. कुणी तिला ओळखलं नाही, कुणी जागा दिली नाही. कंपाउंडरनं दोन केसपेपर काढले आणि दोघींना एकाशेजारी एक बसवलं. भाविक पोरीला पाणी पाजायला बाहेर गेला. तेव्हा मृणाली पहिल्यांदा बोलली.

“रोज व्हायचं तुम्हाला?”

“रोज.”

“मी भिंत धरून उभी असायची, तेव्हा तुम्ही शेजारी चूल बघत असायचात. तेव्हापण?”

कमळानं मान हलवली.

“मागितली असती तर दिली असती मी,” मृणाली म्हणाली. तिचा आवाज रागानं कापत होता, गोळीनं हात मात्र थोडे शांत झाले होते. “मला इथं आणायला नवरा तरी होता. तुम्हालाही आणलं असतं. तुम्ही मला विचारलं नाहीत. आणि आज माझी पोर तोडत होते माझ्यापासून, तेव्हाही तुम्ही धूप होईपर्यंत गप्प बसलात.”

“गप्प बसले,” कमळा म्हणाली. “चुकलं माझं, पोरी.”

मृणालीनं ते ऐकलं, पण ‘असू दे’ म्हणाली नाही.

आतून तिच्या नावाचा पुकारा झाला. ती उठली आणि तिचा तोल गेला. भाविक दिसत नव्हता. क्षणभर ती बाकड्याला धरून उभी राहिली, मग तिनं हात सासूपुढे केला.

“धरा मला. आणि आत चला माझ्याबरोबर. तुम्हाला काय होतं, तुम्ही काय काय केलंत, सगळं तुम्हीच सांगायचं डॉक्टरांना. मी सांगणार नाही.”

कमळानं पदर खोचला, सुनेचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि दोघी आत गेल्या.